300 ठोकळ्यांचा मुंडकार

मुलांच्या ऑनलाइन खेळावर पालकांनी लक्ष ठेवावं, असं सांगणाऱ्या माणसाने स्वतः कधी ते ठेवलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे एक छान चित्र असतं: मूल खेळतंय, बाप शेजारी चहा पितोय आणि मधूनच कौतुकाने डोकावतोय. प्रत्यक्षात बापाला आत उतरावं लागतं, आणि आत उतरलं की राबावं लागतं. गेल्या पावसाळ्यापासून मी आमच्या 8 वर्षांच्या कन्येच्या जगात दगड फोडतो आहे.

आधी हट्ट रोब्लॉक्सचा होता. तिथे लोकांनी बनवलेले असंख्य खेळ आणि त्यांत जगभरची माणसं. म्हणजे आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या जत्रेत पोर एकटं सोडण्यासारखंच. 2024 च्या नोव्हेंबरपासून तिथे पालकाला आपलं खातं मुलाच्या खात्याशी जोडून वेळ, मित्र, खर्च यांवर नजर ठेवता येते, पण त्याआधी आपण पालक असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी ओळखपत्र दाखवायची वेळ आली, तेव्हा बायकोने माझ्या ओळखपत्रावरचा फोटो नीट पाहिला. 'हा फोटो पाहून ते मुलांना तुमच्यापासूनच लांब ठेवतील,' असं तिचं मत पडलं.

मग माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे फोडून आणि रचून आपलं जग बांधायचा खेळ. घरच्या वायफायपुरतंच जग उघडलं की परका माणूस आत येत नाही, असा माझा हिशोब. पण गेल्या चवथीला तळमजल्यावरच्यांकडे पाहुणे आले होते, तेव्हा आमचा पासवर्ड खाली गेला. दिलेला पासवर्ड परत मागायची आपल्याकडे पद्धत नाही. त्या वाटेने तिथला आर्यन आमच्या जगात शिरला.

त्या जगात माझं स्थान मजुराचं. दिवस 20 मिनिटांचा, त्यात रात्रही आली. रात्र सरायला हवी असेल तर आतल्या प्रत्येकाने पलंगावर आडवं व्हावं लागतं. कन्या झोपते, मी तर आनंदाने झोपतो, आर्यन मेंढरं मोजत हिंडतो. तेवढ्यात क्रीपर येतो. हे हिरवं, बिनहातांचं, चार पायांचं प्रकरण गुपचूप जवळ येऊन फुटतं आणि भिंत घेऊन जातं. निर्माता डुक्कर बनवत होता, त्याने लांबी-उंचीचे आकडे उलटसुलट टाकले आणि हा जन्मला. हे ऐकून माझे वडील म्हणाले, "सर्वेच्या नकाशात व्हायचं हो असं." क्रीपर मांजराला घाबरतो आणि मांजर कच्चा मासा दिल्याशिवाय माणसाळत नाही. एवढी एकच गोष्ट त्या खेळात मला कोणी शिकवावी लागली नाही.

वडिलांचा प्रवेश इथून होतो. ते मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांना कोणी फाइल दाखवली नव्हती.

एका रविवारी दोन्ही लॅपटॉप हॉलमध्ये उघडे आणि दोन्ही मुलं रडतायत. आर्यनने कन्येच्या वाड्याला खेटून घर बांधलं होतं, वर तिच्या विहिरीपर्यंत कुंपण. "जग माझं आहे! जा तू!" असं कन्येचं म्हणणं. खरं तर त्या जगाची एक बाजूच 60,000 किलोमीटर भरते. 3,702 चौरस किलोमीटरचे साडेनऊ लाखांहून जास्त गोवे त्यात मावतील. पण भांडण विहिरीशेजारच्या तुकड्यासाठी. मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

मी समजूत काढायला तोंड उघडलं, तोच वडील चष्मा पुसत आले.

"घर कुणाच्या परवानगीने बांधलं?"

"हिनेच सांगितलं होतं, बांध म्हणून," आर्यन म्हणाला.

"आजो, मी गंमत केली होती!"

"संमती ती संमती," वडील म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "तू भाटकार, म्हणजे जमिनीची मालकीण. हा मुंडकार, म्हणजे तुझ्या संमतीने तुझ्या जमिनीत घर करून राहणारा. 1975 चा कायदा आहे. असं हाकलता येत नाही बाय."

कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी मांजराकडे पाहिलं.

"घर पंचायतीत येतं की पालिकेत?"

बाजूला गाव आहे, गावात हात बांधून 'हं' करत फिरणारी, पाचू घेतल्याशिवाय सहसा काही न देणारी माणसं आहेत, असं मुलांनी सांगितलं. "मग पंचायतच," वडील म्हणाले. "पंचायतीत मुंडकाराला घरासकट 300 चौरस मीटर."

तिथला एक ठोकळा म्हणजे बरोबर एक मीटर. मोजणीला याहून सोयीचा मुलूख वडिलांनी उभ्या नोकरीत पाहिला नसेल. मला टेप बनवलं. घराच्या कोपऱ्यापासून एकेक ठोकळा चालायचं, वडील मागून आकडा म्हणणार, आर्यन वहीत लिहिणार. विहीर नेमकी हद्दीवर आली. कन्येचे डोळे पुन्हा भरले आणि त्या भरात ती बोलून गेली, "पण त्याने मला कलिंगडं दिली होती घरासाठी!"

वडील सरळ झाले. "म्हणजे भाडं? भाडं देणारा मुंडकार होत नाही."

आता आर्यन रडू लागला. एकदाच दिली की दर महिन्याला, याची उलटतपासणी सुरू झाली. महिना तिथला धरायचा की इथला, यावर वडीलही अडले. तिथला महिना 10 तासांत संपतो. मी मोजणीच्या शेवटच्या ठोकळ्यावर उभा राहून निकालाची वाट बघत होतो, म्हणून मागून आलेला क्रीपर कोणालाच दिसला नाही. विहीर गेली, कुंपण गेलं, मीही गेलो. मुलं एकदम हसायला लागली आणि दोघं मिळून खड्डा भरायला धावली. वडील मात्र चिडले. पुरावा नष्ट झाला होता.

रात्री शीत-कढीवर बसलो होतो, तेव्हा खालून फोन आला. आर्यनचे वडील. आवाज ओशाळलेला.

"सॉरी हां, जेवणाच्या वेळी. त्याची मेंढरं उघड्यावर राहिलीत म्हणतो, घास घेत नाही. तुमच्या लॅपटॉपवर उघडल्याशिवाय त्याला आत जाता येत नाही ना? पाच मिनिटं जरा जग उघडता?"

मी उष्ट्या हाताने उठलो. पाटावरून वडिलांनी आवाज दिला, "उघड, उघड. पण फोनवर काही कबूल करू नकोस."