ऑपरेशन झालं म्हणून एचआयव्ही टळत नाही

बीड, धाराशिवकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘कुटुंब नियोजनात एचआयव्ही घुसडू नका. तो ट्रकवाल्यांचा आजार आहे. ऑपरेशन झालेल्या बाईला निरोध कशाला? गर्भनिरोधक इंजेक्शनानंच एचआयव्ही होतो. आणि तपासणी सुरू केली तर बायका दवाखान्यात यायच्या बंद होतील.’

आधी ऑपरेशनाचं बघू, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त बायका इथंच फसतात. ऑपरेशनात बीजनलिका बंद करतात, त्यामुळं दिवस राहत नाहीत. विषाणू मात्र त्यानं अडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे, नसबंदी केलेले पुरुष ०.३ टक्के, आणि निरोधवर भिस्त ९.५ टक्के जोडप्यांची. मराठवाड्यात लग्न लवकर होतं, दोन-तीन लेकरं झाली की पंचविशीच्या आसपास ऑपरेशन उरकतात. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी होते. त्यानंतर तिचं रक्त तपासायला सहसा कुणी सांगत नाही, आणि संसार तर पुढं वीस-पंचवीस वर्षांचा असतो. त्यात ऊसतोडीला गेलेल्या बाईनं दवाखान्यासाठी खाडा केला, की मुकादम पैसे कापतो. तिची एखादी खेप होते, त्याच खेपेत कुटुंब नियोजन आणि एचआयव्हीची तपासणी अशी दोन्ही कामं झाली पाहिजेत.

‘ट्रकवाल्यांचा आजार’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की लागण झालेल्या कितीतरी बायकांचा जन्मभराचा जोडीदार एकच असतो, तो म्हणजे नवरा.

इंजेक्शनाची शंका आफ्रिकेतल्या जुन्या पाहण्यांवरून आली होती. ती तपासायला एस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया इथं ७,८२९ स्त्रियांवर ‘इको’ नावाचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: इंजेक्शन, तांबी आणि इम्प्लांट (दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडी) यांच्यात एचआयव्हीच्या धोक्याचा मोठा फरक नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. त्या बायकांमध्ये दरवर्षी शंभरामागे जवळपास चौघींना लागण झाली. त्या कुटुंब नियोजनासाठीच आलेल्या होत्या. मग एचआयव्हीचं बोलायला याहून योग्य जागा कोणती?

लागण असलेल्या बाईलाही मूल कधी हवं, हे ठरवता आलं पाहिजे. उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर औषधं चालू ठेवली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

बायका दवाखान्यात यायच्या बंद होतील, ही मेसेजमधली शेवटची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. गावात बातमी फुटते, आणि त्यापायी बाई माहेरी धाडली जाते. पण एचआयव्हीच्या वेगळ्या खोलीबाहेर थांबलेली बाई चारचौघांच्या नजरेत भरते. तांबी बसवायला आलेल्यांच्या रांगेतली बाई आणखी कशासाठी आलीय, हे कुणाला कळत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तपासणीआधी संमती आणि नंतर गुप्तता बंधनकारक केली आहे. तेव्हा मागणी करायचीच असेल तर उपकेंद्रात दार लावून बोलता येईल अशा खोलीची आणि रजिस्टर कुलपात ठेवण्याची करा.