लॅपटॉप ऑन होत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला? त्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. लॅपटॉप ऑन होत नसेल तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) उडालाय समजा, रिपेअरला पैसे घालू नका, आतला डेटाही गेलाच. तरी बघायचंच असेल तर पिन बसेल तो चार्जर लावून बघा आणि पाणी सांडलं असेल तर तांदळात ठेवा. हे वाचून कॉलेजची पोरं हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप भंगारात द्यायला निघतात म्हणून राहवत नाही, एकेक घेतो.

आधी मदरबोर्ड. "ऑन होत नाही" हे लोक दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. लाइट लागतेय, फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी, असं असेल तर बोर्डाला पॉवर मिळतेय. एचडीएमआयने टीव्ही जोडून बघा, तिथे चित्र आलं तर लोचा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारला आणि पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागची लाइट) गेलाय. तसंही काही नसेल तर रॅम (चालू कामाची मेमरी) काढून परत नीट बसवायची, खूपदा तेवढंच असतं (पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हे जमणार नाही). आणि लाइट ब्लिंक होत असेल तर मोजा हो! डेलची बॅटरीची लाइट, एचपीची कॅप्स लॉकची लाइट ठरावीक वेळा लुकलुकते, तो कोड असतो आणि त्याचा अर्थ कंपनीच्या साइटवर सापडतो.

आता काहीच होत नसेल, लाइट पण नाही, तर पहिल्यांदा एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. अडॅप्टरवर लाइट असेल तर बघा, पिन लॅपटॉपला लावल्या लावल्या ती विझत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. नाहीतर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. यानं कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा छोटा पार्ट) उरलेला चार्ज उतरतो आणि पॉवर सांभाळणारी चिप अडकली असेल तर नव्याने सुरू होते, जळलेला पार्ट मात्र यानं बरा होत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर यातलं काही करू नका, चार्जिंगलाही लावू नका, सरळ दुकानात न्या.

आणि दोष बोर्डातच निघाला तरी पूर्ण बोर्ड बाद होतो असं नाही. बऱ्याचदा पॉवर लाइनवरचा एखादा कपॅसिटर किंवा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा पार्ट) शॉर्ट झालेला असतो, चिप लेव्हल काम करणारा माणूस तो तेवढाच बदलतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम रोज चालतं.

"कुठलाही चार्जर लावा" हा तर त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. गोल पिनचे चार्जर बहुतेक १९-२० व्होल्टचे असतात पण सगळे नाही, व्होल्ट जास्त झाले किंवा प्लस-मायनस उलटं असलं की चांगला बोर्ड जळू शकतो. टाइप-सीची भानगड वेगळी. बरेच लॅपटॉप २० व्होल्ट मागतात, मोबाइलचा साधा चार्जर ५ किंवा ९ व्होल्टवर थांबतो, बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर लॅपटॉप हूं की चूं करत नाही आणि घरचे म्हणतात गेला! काही मॉडेलमध्ये दोनपैकी एकाच टाइप-सी पोर्टला चार्जिंग असतं, तेही बघा.

तांदूळ नकोच. बंद बॉडीच्या आतलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, उलट पीठ आत जातं, आणि चहा सांडला असेल तर साखर बोर्डावरच राहते आणि गंज धरतो. लगेच चार्जर काढा, बटण दाबून बंद करा, "चालतोय का" बघायला परत ऑन करू नका, त्यानंच शॉर्ट होतो. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या.

राहिला डेटा. विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) बहुतेक वेळा वेगळी असते, काढून यूएसबी केसमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते. बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की लागेल, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. मॅकबुकचं खरंच अवघड आहे, २०१८ नंतरच्या बहुतेक मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डालाच असतं आणि एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असतं, म्हणजे आधी बोर्डच जिवंत करावा लागतो. म्हणून मॅक दुकानात देताना पहिल्यांदाच सांगा की डेटा हवाय, बोर्ड बदलू नका, हाच रिपेअर करा.