दोन स्टार

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि समोर कालच्या चिनी हॉटेलाचा हा रिव्ह्यू. "नॉट ऑथेंटिक. अँबियन्स नाही. काउंटरवरची बाई उर्मट." दोन स्टार. लिहिणारा आपल्याच ग्रुपमधला. काल माझ्या शेजारी बसून तिसऱ्यांदा फ्राइड राइस वाढून घेत होता. नाव लिहीत नाही, त्याला कळेलच. चहा गार झाला माझा.

काल आम्ही अकराजण त्या चिनी हॉटेलात गेलो होतो. तेच, लॉन्ड्रोमॅट आणि नेल सलूनच्या मधलं, बाहेर कायम एक दिवा गेलेला असतो ते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या निम्म्या मराठी लोकांनी तिथून कधी ना कधी पार्सल नेलंय, उगाच नाकं मुरडू नका. अकरा माणसं म्हणजे अकरा तऱ्हा. एकाला अंडं नको, एकीला कांदा-लसूण नको, एकाला "जरा आपल्या पद्धतीचं झणझणीत" हवं. वाइनच्या तीन बाटल्या घरून. स्टीलच्या डब्यातून ठेचासुद्धा घरून! अडीच तास बसलो. शेवटी ती बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागली, तेव्हा कुठे उठलो. म्हणजे बहुतेक हाच तिचा उर्मटपणा.

बिल झालं २६८ डॉलर. त्याचे चार भाग करून चार कार्डांवर. टिप १२ डॉलर. पाच टक्केसुद्धा नाही. का, तर "घरचंच हॉटेल आहे गं त्यांचं, मालकाला कसली टिप?" अहो, अकरा पेले आणि पाण्याचे तांबे घेऊन फेऱ्या मारणारा पोरगा मालक नव्हता, काउंटरवरच्या बाईचा भाचा आहे, कॉलेजात शिकतो. न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, पण टिप घेणाऱ्याला मालकाने ५.६२ रोख दिले तरी कायद्याने चालायचं. बाकीचे तुम्ही-आम्ही द्यायचे असतात. कमी पडले तर मालकाने भरायचे हे मला माहीत आहे. टिपची ही सगळी पद्धतच मूर्खपणाची आहे हेही मान्य. पण ती सुधारायला त्या पोराच्या खिशापासून सुरुवात करायची?

आता मी इतकी का चिडते ते सांगते. जुन्या लोकांनी हे ऐकलंय, त्यांनी पुढे सरकावं.

२९ ऑक्टोबर २०१२. सँडी चक्रीवादळ आलं त्या रात्री कोजागिरी होती. आई डोंबिवलीहून आलेली, दूध आटवायला काढलेलं, आणि संध्याकाळी लाइट गेले. आमच्या अपार्टमेंटची शेगडी विजेची. दूध तसंच राहिलं. मग मंगळवार गेला, बुधवार गेला. हॅलोविन गव्हर्नरसाहेबांनीच पुढे ढकललं, त्यामुळे लेक कोळ्याचा ड्रेस घालून घरातल्या घरात फिरत होता. घरात थंडी, पेट्रोलला मैलभर रांगा. आम्ही केळी, ब्रेड आणि आईने आणलेला चिवडा यांवर. आणि शुक्रवारी संकष्टी! आई दिवसभर पाण्यावर. म्हणे चंद्रोदयानंतर थोडा गरम भात मिळाला तर बघ.

गरम भात. चार दिवस लाइट नसलेल्या गावात.

सगळा स्ट्रिप मॉल काळोखात होता. फक्त या हॉटेलाचं दार अर्धं उघडं आणि आत टॉर्च. या काउंटरवरच्या बाईकडे गॅस होता. वाफ कोंडू नये म्हणून मागचं दार सताड उघडं टाकून, अंगावर जाड कोट चढवून ती कढईवर उभी. मी आत शिरून हातवारे सुरू केले: नो एग, नो मीट, नो चिकन, मदर, फास्ट, मून. हे शब्द लागोपाठ ऐकून कुणालाही मी वेडी वाटले असते. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माय मदर सेम. फर्स्ट अँड फिफ्टीन, नो मीट." चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, त्यांच्याकडे जुनी माणसं शाकाहारी जेवतात हे मला तिथे, त्या टॉर्चच्या उजेडात कळलं. मग तिने आईच्या डोळ्यांदेखत ती कढई दोनदा गरम पाणी ओतून, बांबूच्या ब्रशने खसाखसा घासली. दोनदा. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ही बाई उर्मट.

हसत नाही ती, खरं आहे. फोनवर ऑर्डर घेताना भांडल्यासारखी ओरडते. पण आमच्या स्टेशनजवळच्या उडप्याचा गल्ल्यावरचा शेट्टी कधी हसला होता? बोटाने टेबल दाखवायचा आणि आपण निमूट जाऊन बसायचो, त्यावर आपण आता गहिवरून पोस्टी लिहितो. तिने मात्र अमेरिकन एअर होस्टेससारखं हसायचं.

आणि "ऑथेंटिक" शब्द तर मला ऐकायचाच नाहीये. लिहिणारा वाढला कल्याणला, स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं लालभडक मंच्युरियन खात. ते मंच्युरियन नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात केलं, असं सगळे सांगतात. मांचुरियात कुणाला विचारा! इथला जनरल त्सो चिकन पण तसाच. तो जनरल एकोणिसाव्या शतकातला, आणि पदार्थ केला पेंग चांग-क्वेई नावाच्या, चीनच्या हुनान प्रांतातल्या स्वयंपाक्याने, १९५०च्या दशकात, तैवानमध्ये. पुढे न्यूयॉर्कच्या लोकांच्या जिभेसाठी त्यात साखर पडली. लोकांना हवं ते करून घालणं हाच यांचा शंभर वर्षांचा धंदा आहे. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना या देशाची दारं बंद होती. १९१५मध्ये हॉटेलवाल्यांना व्यापारी म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा कुठे त्या वाटेने माणसं येऊ लागली. आपण आलो एच-वन व्हिसावर, लॅपटॉप घेऊन. आणि आपणच तिला विचारणार, हे खरं चायनीज आहे का.

वाइनचंही सांगून टाकते, कारण काल कोणीतरी "बीवायओबी आहे, मजा आहे" असं म्हणालं, म्हणजे दारू आपली आपण आणायची. मजा तुमची. न्यू जर्सीत साधारण तीन हजार वस्तीमागे दारूचं एक लायसन्स, आणि विकत घ्यायचं तर कित्येक गावांत लाखो डॉलर. ते या बाईला कुठलं परवडायला? बाकीची हॉटेलं दारूवर कमावतात, ही भातावर. तुमच्या बाटल्यांसाठी ती ग्लासं धुते आणि वर बर्फ देते.

बरं, सांगायचं राहिलं. त्या रात्री तिने साधा भात आणि आलं घातलेली पाकचोय, म्हणजे चिनी पालेभाजी, दिली. बाहेर जाऊन आईने चंद्र पाहिला, एका पेपर नॅपकिनवर थोडा भात काढला आणि नैवेद्याला मोदक नाही म्हणून शेजारी फॉर्च्युन कुकी ठेवली. "मोदकासारखीच दिसते की," म्हणाली. त्यात बहुतेक अंड्याचा पांढरा बलक असतो हे मला दोन वर्षांनी कळलं. आईला सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नाही, तुम्हीही सांगू नका.

कार्डाचं मशीन बंद, माझ्याकडे रोख दमडी नाही. टेबलावर अंथरायच्या त्या चिनी राशीवाल्या कागदामागे तिने लिहून ठेवलं, "नो एग, ११". दहा दिवसांनी पैसे द्यायला गेले तेव्हा कागद गल्ल्याजवळ टाचलेला होता. अकराच घेतले, वरचे चार परत केले. तेव्हापासून माझं नाव नो एग.

आणि काल ही नो एग काय करत होती? गप्प बसली होती. बारा डॉलर मोजले जात असताना मी पर्समध्ये लिपस्टिक शोधत होते. निघताना बशीखाली वीसची नोट सरकवली, कोणी बघत नाही ना हे बघून. तुमच्यासमोर ठेवायची लाज का वाटली मला? तेव्हा ही पोस्ट त्याच्यावर जेवढी आहे तेवढीच माझ्यावरही आहे. तोही काही वाईट माणूस नाही. कोविडच्या पहिल्या महिन्यात, माझा नवरा आजारी असताना, यानेच तीन आठवडे किराणा आमच्या दारात आणून ठेवला होता. म्हणून तर जास्त राग येतो.

दुपारी गेले होते तिथे. बाई स्टुलावर बसून शेंगा मोडत होती. "नो एग. मदर गुड?" मी म्हटलं, गुड, गुडघे नॉट गुड. ती स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून हसली. हो, हसली. रिव्ह्यू तिने वाचलेला नाही, ती वाचत नाही. भाच्याने वाचलाय. पार्सल देताना हळूच मला विचारलं, काल तुमच्या लोकांना नेमकं काय आवडलं नाही? सूप का? सूप खारट होतं खरं. पण मला ते सांगवेना. मी "सगळं छान होतं" म्हणून बाहेर आले आणि गाडीत दहा मिनिटं बसून राहिले.

तर तू, हो तूच, तो रिव्ह्यू आजच्या आज काढ. आणि शनिवारी साडेसातला मी तिथेच आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, वाइन आणा. ठेचा घरी ठेवा. आणि टिप रोख आणा, सुटे.