नाकापेक्षा दिवा जड

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही अखेर हलकी पॅट्रोल कार्बाइन घेतलीत. पेन्सिलीसारखी बारीक नळी, पोकळ दस्ता, टायटॅनियमचे स्क्रू आणि वजन साडेपाच पौंड, म्हणजे जेमतेम अडीच किलो. (पॅट्रोल म्हणजे गस्त, कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. साताऱ्याच्या काकांना फोनवर सांगताना एवढा खुलासा आधी करा. नाहीतर ते विचारतील, "पेट्रोलवर चालते का रे? अ‍ॅव्हरेज किती देते?")

टेक्सासात घर आहे, ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तुमच्या कागदपत्रांची अडचण नाही. ज्यांचं अजून एच-वन-बी व्हिसावर चाललंय त्यांनीही हिरमुसू नये. केंद्रीय कायदा त्यांना बंदूक बाळगू देत नाही, पण शिकारीचा चालू परवाना असेल तर देतो. केकमध्ये अंडं आहे का, हे तीनदा विचारून घेणारी आपली माणसं या एका कलमापायी कागदोपत्री शिकारी झालेली मी पाहिली आहेत.

आता दिव्याकडे वळू. समोर कोण आहे ते ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही आणि अंधारात ओळखू येत नाही, म्हणून बंदुकीला दिवा हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे भाऊबंदकी सुरू होते.

दुकानात शिरण्याआधी एक सवय सोडा. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. इथे त्याला वेपन लाइट म्हणायचं. बॅटरी वीस डॉलरला मिळते. वेपन लाइट म्हटलं की तीच चीज साडेतीनशेला जाते. उच्चाराचेच तीनशे तीस.

तुमच्या बंदुकीच्या नावात पॅट्रोल का आहे, याला एक तारीख आहे. २८ फेब्रुवारी १९९७. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर चिलखत घालून, स्वयंचलित रायफली घेऊन बँकेत शिरले. बाहेर गस्तीच्या पोलिसांकडे होती पिस्तुलं आणि शॉटगन, आणि त्यांच्या गोळ्या त्या चिलखतावर वाया जात होत्या. शेवटी काही पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी गस्तीच्या गाडीत रायफल आली. तुमची गस्त असते गराजपासून टपालपेटीपर्यंत. तिथे दबा धरून बसलेला शत्रू एकच, कॉलनीची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी. गवत चार बोटं वाढलं की पत्र. तिच्यापुढे कोणताच दिवा टिकत नाही, तेव्हा तो खर्च त्या खात्यात धरू नका.

आणखी थोडा इतिहास, कारण साडेतीनशे डॉलर घालवताना मागे परंपरा आहे असं वाटलं की बरं वाटतं. १९५०च्या दशकात यूजीन स्टोनर नावाचा माणूस आर्मलाइट कंपनीत बसून बंदुकीचं वजन उतरवत होता. आर्मलाइट ही विमानं बनवणाऱ्या फेअरचाइल्डची शाखा, त्यामुळे पोलाद आणि लाकूड काढून तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिक घालायचं त्यांना सुचलं. त्या खटपटीतून पुढे एआर-१५ ही रायफल निघाली. स्टोनरने एकेक ग्रॅम काढला. तो परत जागेवर बसवण्याचं काम गिऱ्हाइकांनी आपण होऊन अंगावर घेतलं आहे. तुम्हीही हात लावा.

एका सेलवर चालणारा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा छोटा दिवा दुकानदार आधी दाखवेल. तो घेऊ नका. तुमच्या कामाला तो पुरेल, आणि पुरेल अशी वस्तू घेण्यासाठी आपण एवढे समुद्र ओलांडून आलो नाही. मोठा घ्या. दिवा, त्याचा माउंट (बंदुकीला अडकवायची पकड) आणि बटण मिळून आठ औंसांच्या घरात जातं, म्हणजे आपला पावशेर. पावशेर फार नाही असं वाटत असेल तर पावशेर चिवड्याची पुडी लाटण्याच्या टोकाला बांधा आणि हात लांब करून लाटणं पाच मिनिटं आडवं धरा. अडीच किलोच्या हलकेपणासाठी मोजलेले पैसे कुठे गेले ते मनगट सांगेल. दस्त्यातून वाचवलेले ग्रॅम वाया गेले नाहीत. नळीच्या टोकाला राहायला गेले.

उजेडाचं गणित मात्र समजून घ्या, कारण खरी फसगत तिथेच होते. खोक्यावर दोन आकडे असतात. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते ल्युमेन. एका दिशेला तो किती जोरात जातो ते कँडेला. तेच पाणी बादलीने ओतलं तर ल्युमेन, नळीचं तोंड अंगठ्याने दाबून मारलं तर कँडेला. अर्धवट जाणकार ल्युमेनवर भांडतात, पूर्ण जाणकार कँडेलावर.

त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पल्ला ६३२ मीटर. हा आकडा २००९ साली आलेल्या एका अमेरिकन मानकाप्रमाणे काढतात: ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो, तिथे पल्ला संपला. (लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप.) पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. एक लाख कँडेलाचा दिवा घेतलात तर ६३२ मीटरवर कोजागिरी. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला दुधाचा पेला तुम्हाला दिसेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्याला तुम्ही नक्की दिसाल. तुमचं परसदार कुंपणापर्यंत बारा मीटर. उरलेले ६२० मीटर शेजाऱ्यांच्या बेडरूममधून जातात. घरात लावलात तर आणखी मजा. पाच मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर चार हजार लक्स पडतात आणि तेवढ्याच उत्साहाने तुमच्या डोळ्यांवर परत येतात. चोर आंधळा होतो, तुम्हीही होता. कुणावर अन्याय नाही.

त्याच मानकात चालण्याचा वेळ कसा मोजतात तेही बघा: उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. पंगत उठली, पानं उचलली, तरी एक वाढपी ताकाचं भांडं घेऊन उभा आहे म्हणून जेवण चालू आहे म्हणायचं, त्यातली गत. सेलही निवडून घ्या. सीआर-१२३ हा जुना कॅमेऱ्यातला सेल. वर्षानुवर्षं पडून टिकतो, पण संपला की फेकायचा. १८६५० हा लॅपटॉपच्या घराण्यातला, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. चार्ज करता येतो, म्हणजे चार्ज करायला विसरताही येतो.

बसवायची जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात. बंदूक खांद्याला लावली की वरची कड बारा वाजता. उजव्या हाताने चालवणाऱ्याचा डावा अंगठा सहज पोचतो तो अकराच्या आसपास. एक ते चार या वेळात दिवा लावू नये. पुण्याचे असाल तर हे सांगावं लागणार नाही. कुठेही लावलात तरी नळीची सावली दुसऱ्या बाजूला पडतेच. पिकॅटिनी रेल की एम-लॉक (माउंट अडकवायच्या या दोन पद्धती), हा वाद दुकानदाराशी घालू नका. तुमच्या बंदुकीला जे आहे त्याच्यासाठीचा नसलेलाच माउंट तुम्ही मागवाल आणि मग दोन्ही घरात असतील.

बटणाचे प्रकार दोन. एक मागच्या टोकाला, आपल्या बॅटरीसारखं, दाबलं की लागतं. दुसरं वायरच्या टोकाला लांबट पट्टी, तिला प्रेशर पॅड म्हणतात. तुम्ही दुसरंच घ्या. वायर लोंबते, मग ती बांधायला प्लास्टिकचे पट्टे लागतात, मग त्या पट्ट्यांची कापलेली टोकं हाताला ओरखडे काढतात, मग हातमोजे येतात. शिवाय पिशवीत ठेवताना पट्टी दाबली गेली की दिवा आतल्या आत लागतो आणि तापतो. पिशवीचं अस्तर करपल्याचा वास आला की दिवा दमदार आहे हे समजा.

एक काम मात्र थट्टा न करता सांगतो. गोळी सुटली की नळीच्या तोंडाशी काजळी उडते आणि दिव्याच्या काचेवर बसते. जाणते लोक काचेला आधी लिप बाम फासतात आणि नंतर फडक्याने पुसून घेतात. काजळी त्याच्याबरोबर निघून येते. फणस चिरायच्या आधी हाताला खोबरेल लावतो, त्यातलाच प्रकार. साडेतीनशेच्या सगळ्या खरेदीत वसूल होणारी वस्तू ही दोन डॉलरची.

आता दिवा वापरायचा कसा? रात्री खुट्ट झालं की उजेड टाकून बघायचं. जिकडे उजेड, तिकडे नळी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बसवण्याचेच तर आपण पैसे दिले. ज्याला इजा करायची नाही त्याच्यावर बंदूक रोखू नये, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. आता मुलांच्या खोलीत उजेड पाडून बघा. बघा म्हणजे बघू नकाच. पिस्तुलाखालच्या दिव्याचं बटण दाबायला गेलेलं बोट घोड्यावर पडल्याच्या घटना प्रशिक्षित अमेरिकी पोलिसांच्या हातून घडल्या आहेत, त्यात माणसं गेली आहेत. म्हणून पोलिस शोधायला वेगळा टॉर्च जवळ ठेवतात. हातातला, सुटा, ज्याच्या पुढे काहीच नाही असा. तुमच्याकडे तो नाही. त्याचे पैसे माउंटात गेले.

घरात मुलं आहेत म्हणून कार्बाइन तिजोरीत ठेवलीत, हे उत्तम केलंत. तर अशीच एक रात्र. भारतातून आई आली आहे, सहा महिन्यांसाठी, आणि तिचा जेटलॅग अजून उतरलेला नाही. दोन वाजता स्वयंपाकघरात भांडं पडतं. तुम्ही अनवाणी उठता, कपाट उघडता, तिजोरीसमोर बसता. आकड्यांची पाटी अंधारात दिसत नाही. ६३२ मीटरचा उजेड दाराच्या पलीकडे आहे. मोबाइल उशाला राहिला. चाचपडत चार आकडे दाबता, चुकतात. पुन्हा दाबता, चुकतात.

मागून पावलं वाजतात आणि तुमच्या खांद्यावरून उजेड बरोब्बर पाटीवर पडतो. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात सांगलीच्या बाजारातली बॅटरी.

"काय शोधतोयस रे अंधारात? दाब तू, मी धरते."