मळ्यावरचं कुत्रं 'तिखट' करायला निघालेल्यांसाठी

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या दूधसंकलनाच्या, कांदा-बाजारभावाच्या आणि भावकीच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मळ्यावरचं कुत्रं कसं तयार करायचं, याचे नियम त्यात दिलेत. थोडक्यात सांगते. परदेशी गुराखी जातीचं पिल्लू घ्या, ते गुरंही वळेल आणि राखणही करेल. महिन्याच्या आत आईपासून तोडा. आणल्या दिवसापासून साखळीला बांधा आणि घरच्यांशिवाय कुणाचा हात लागू देऊ नका. मिरची आणि कच्चं मांस घाला, म्हणजे तिखट होतं. गोचीड झाले तर गुरांचंच इंजेक्शन द्या. लशी बंगल्यातल्या कुत्र्यांना लागतात, मळ्यावरच्याला नाही.

माझ्या चुलतदिरानं हे वाचलं आणि पिल्लाची चौकशी सुरू केली, म्हणून लिहायला बसले. यातलं अर्धंअधिक आम्ही स्वतः करून बसलोय. त्याची किंमत एका कुत्र्यानं आणि माझ्या भाच्यानं मोजली आहे.

आधी जातीचं बघू. मेसेजसोबतच्या व्हिडिओत निळसर अंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं एक कुत्रं शे-दोनशे गुरं एकटं वळवताना दिसतं. तो ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. कुत्रं खरोखर गुणाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते कशासाठी घडवलं गेलं ते बघा. एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समध्ये थॉमस हॉल नावाच्या पशुपालकाची अफाट कुरणं होती. तिथली गुरं अर्धी रानटी, आणि बाजाराला न्यायची तर शेकडो किलोमीटर हाकत न्यावी लागायची. भुंकणाऱ्या कुत्र्यानं कळप उधळायचा. म्हणून त्यानं इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड भागातली गुरं हाकणारी कुत्री आणि तिथला रानकुत्रा डिंगो यांचा संकर केला. त्यातून आवाज न करता मागून येणारं, जनावराच्या खुराच्या वर, टाचेला चावा घेणारं आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटणारं कुत्रं तयार झालं. चालत्या जनावराची टाच धरणं हे त्याच्या रक्तात आहे, ते शिकवावं लागत नाही.

आता आपला गोठा डोळ्यांसमोर आणा. दावणीला चार गाई, दोन वासरं, मागं गव्हाणीएवढीही मोकळी जागा नाही. तिथं गाय वळवायची कुठं? बांधलेल्या गाईची टाच कुत्र्यानं धरली तर ती पळणार नाही, लाथ झाडेल. आणि बिचकलेली गाय पान्हा चोरते हे धार काढणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको. कासेला हात लावून बसा, सड गच्च आणि बादलीत दोन धारा! भीतीनं जनावराच्या अंगात जो स्राव सुटतो तो दूध उतरवणाऱ्या स्रावाला अडवतो, एवढं साधं कारण आहे. शिवाय दिवसभर धावायला काम नसलं की हेच कुत्रं मोटारसायकलींच्या आणि पोरांच्या टाचा धरायला लागतं. त्यात कुत्र्याचा दोष नाही, त्याला काम नाही एवढंच.

मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगळी कामं एकत्र केली आहेत. गुरं वळवणं हे एक काम आणि गुरं राखणं हे दुसरं. आपल्याकडं धनगरांची कुत्री बघा. मेंढरं हाकायचं काम धनगर स्वतः करतो, शिट्टीनं, हाळीनं. कुत्रं मेंढरांच्या मागं लागत नाही. ते मेंढरांतच चालतं, बसलेल्या मेंढरांच्या कडेला अंग टाकून पडतं आणि रात्री वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, लांडगा आला की उठतं. काहींच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो, कारण लांडगा आणि बिबट्या दोघंही मान धरतात. मळ्यावर आपल्याला हवंय ते या दुसऱ्या कामाचं कुत्रं. ते आसपासच्या गावठी कुत्रीच्या वेतातही मिळतं, फक्त त्याची आई आधी बघून घ्यावी. माणसाला, गुराला पाहून ती शांत राहते का, हे पिल्लाच्या रंगापेक्षा महत्त्वाचं.

महिन्याच्या आत तोडायचं म्हणतात, कारण काय तर माया लवकर लागते. माया दोन महिन्यांनी आणलेल्या पिल्लालाही लागते. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी झोंबाझोंबी करतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतं, आई गुरकावते. दाताला किती जोर द्यायचा हे ते तिथं शिकतं. ही शाळा बुडवलेलं पिल्लू घरी आल्यावर तुमच्या पोरांच्या हातांवर तोच धडा गिरवतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्या देशात २०१७ च्या नियमांनी बंदीच आहे, आणि ती उगाच नाही.

आता साखळीबद्दल, कारण माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

आमचा वाघ्या सव्वा महिन्याचा आणला होता. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणीतरी हेच सांगितलेलं: बांधून वाढवलेलं कुत्रं जहाल होतं. चिंचेखाली खुंटा ठोकला. साखळी जेवढी फिरेल तेवढी जमीन वर्षभरात गोल घासून गेली. भर पावसाळ्यातही तिथं गवताचं पातं उगवायचं नाही, आणि पलीकडं हातभर हिरवंगार. त्या गोलाबाहेरचं त्याला काही ठाऊक नव्हतं. गाई कोणाच्या, दूधवाला रोजचा की नवा, पोरं घरची की पाहुण्यांची, त्याला सगळे सारखेच. सगळ्यांवर तो भुंकायचा आणि आम्हाला वाटायचं, काय राखण करतोय! पण जो सगळ्यांवर भुंकतो त्याच्या भुंकण्याला रात्री कोण उठणार? आम्हीही उठेनासे झालो.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा चेंडूमागं त्या गोलात गेला. पोटरीत चार दात रुतले. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, सरकारी दवाखान्यात सगळी इंजेक्शनं पुरी केली, पोर वाचलं. पण अजूनही आमच्याकडं आला की तो अंगणात एकटा उतरत नाही.

त्याच दिवाळीत पहाटे चिंचेखाली साखळी होती, पट्टा होता, वाघ्या नव्हता. उसाच्या कडेपर्यंत फरफटल्याची खूण गेली होती.

आमच्या भागातल्या लोकांना हे सांगावं लागू नये. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात जे जातं त्यातलं वजनानं सुमारे ३९ टक्के कुत्रं निघालं. शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी पट जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. कारण शेळी रात्री आत कोंडली जाते आणि कुत्रं बाहेर असतं. त्यातही बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, ओट्यावर चढू शकत नाही, दारात येऊन ओरबाडू शकत नाही. उसाच्या पट्ट्यात उघड्यावर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट.

'मग रात्री राखण कोण करणार?' हा प्रश्न मला हमखास विचारतात. कुत्र्यानं बिबट्याशी कुस्ती करायची नसते, त्यानं आपल्याला उठवायचं असतं. ते जाळी लावलेल्या गोठ्यात, गाईंच्या शेजारी झोपलं तरी त्याचं नाक आणि कान बाहेरच असतात. गाईंनाही सोबत होते. आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी माहीत करून घ्यावं.

वाघ्यानंतरची आमची कुत्री तांबी. ती आली ती दोन महिन्यांची झाल्यावर. पिल्लाचा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसरा महिना उलटेपर्यंतचा काळ फार मोलाचा. या दिवसांत ते ज्याच्या ज्याच्यात राहतं ते त्याला आपलं वाटतं, पुढं आयुष्यभर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड कोपिंगर यांनी १९७० च्या दशकापासून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांवर काम केलं. त्यांचाही जोर यावरच होता, की पिल्लू लहानपणीच मेंढ्यांत राहायला हवं. आमच्या धनगरांच्या वाड्यावर पिल्लं कोकरांतच लोळत मोठी होतात, त्यांना हे वेगळं शिकावं लागलं नाही.

मी काय केलं ते सांगते. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याचं अंथरूण घातलं, पुढं आडवी फळी लावली, म्हणजे गाईची लाथ पोचणार नाही. पहिले आठ दिवस तिनं नुसतं बघितलं. नवव्या दिवशी मी धार काढत असताना फळीखालून बाहेर आली आणि वासराच्या तोंडापाशी जाऊन बसली. वासरानं तिचं अख्खं डोकं चाटून ओलं केलं, कान चिकटून गेले, आणि ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून वासरू तिचं. ती त्याच्या मागं पळायला गेली की मी तिला उचलून फळीमागं ठेवायचे, मारायचे नाही. पंधरवड्यात समजलं. दूधवाला, लाइनमन, भाजीवाल्या मावशी, कांदा काढायला येणाऱ्या बाया, सगळ्यांना मी सांगितलं, पिल्लाला हात लावा, भाकरीचा तुकडा द्या. आबा चिडायचे, म्हणायचे, 'चोराच्याही हातची भाकरी खाईल.' आज ती या कुणावर भुंकत नाही. म्हणून रात्री दोन वाजता ती भुंकली की आम्ही बॅटरी घेऊन उठतो. मागच्या फेब्रुवारीत असंच उठलो तर विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडायला दोघं आले होते. आपलं कोण हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यालाच परका कळतो. आबा आता स्वतः तिच्यासाठी भाकरीचा तुकडा बाजूला काढतात.

मिरचीवर फार लिहीत नाही. मिरचीनं कुत्र्याचं तोंड आणि आतडं जळतं, जुलाब होतात. आगीनं वळवळणारं पिल्लू चिडतं, ते बघून लोकांना वाटतं तिखट झालं.

कच्च्या मांसाचा धोका मात्र घराघरापर्यंत येतो. मेंढरू-बकरं कापल्यावर काळीज-फुफ्फुसात कधी कधी पाण्यानं भरलेले गोळे दिसतात. खाटीक ते कापून फेकतो आणि कुत्री तुटून पडतात. त्या गोळ्यांत एका फीतकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, पाण्यावर, कुत्र्याच्या केसांवर चिकटतात. तिथून गुरांच्या आणि आपल्या पोरांच्या पोटात. माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तसेच गोळे होतात, वर्षानुवर्षं कळत नाहीत आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. डॉक्टर याला हायडॅटिड म्हणतात. मांस घालायचं तर शिजवून घाला आणि जंताची गोळी वजनावर, डॉक्टरांना विचारून, वेळच्या वेळी द्या. भाकरीबरोबर अंडं, ताक, शिजवलेली डाळ चालते. कांदा घातलेला रस्सा नको, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षबागवाल्यांनी खाली पडलेले मणी आणि बेदाणेही तोंडात जाऊ देऊ नयेत, मूत्रपिंडं निकामी होतात.

गुरांचं गोचिडाचं इंजेक्शन कुत्र्याला टोचू नका. ते तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी बनवलेलं असतं. पाच किलोच्या पिल्लाला अंदाजानं दिलेला डोस सहज कितीतरी जास्त होतो आणि त्याला आडवं करू शकतो. आणि कोली या परदेशी गुराखी जातीच्या घराण्यातल्या काही कुत्र्यांत तर असा जनुकीय दोष असतो, की अशा इंजेक्शनातलं आयव्हरमेक्टिन हे औषध थेट मेंदूत शिरतं: थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी. म्हणजे मेसेज आधी परदेशी गुराखी कुत्रं घ्यायला सांगतो, आणि त्यांच्यातल्या काही जातींना जीवघेणं ठरणारं औषधही तोच सुचवतो. अंगावर टाकायच्या औषधाचंही तसंच, कुत्र्याचं वेगळं मागा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा आणि शेणाचा कोपरा साफ केल्याशिवाय गोचीड हटत नाहीत, मग ते गाईचे असोत की कुत्र्याचे.

आणि लस. गावठी कुत्रं काटक असतं, हे खरं. पण पार्वो काटकपणा विचारत नाही. उलटी, मग रक्ताचे जुलाब, मग दोन-तीन दिवसांत पिल्लू संपतं. आणि तो विषाणू त्या जागी महिनोन् महिने टिकतो, पुढच्या पिल्लाची वाट बघत. सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांची होईपर्यंत पुढचे डोस. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि मग दरवर्षी. मळ्यावरच्या कुत्र्याची गाठ कोल्ह्याशी, मुंगसाशी, भटक्या कुत्र्यांशी पडते, बंगल्यातल्याची पडत नाही. म्हणजे रेबीजची लस आधी कुणाला हवी? लक्षणं दिसल्यावर रेबीजला औषध नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. पिसाळलेलं कुत्रं गाईला चावलं तर गाय जाऊ शकते, आणि ती पिसाळली तर तिच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्या सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागतात.

चुलतदिरानं हे सगळं माझ्याकडून तोंडी ऐकलंय, दोनदा भांडलाही. आता त्यानं शेजारच्या वस्तीवरच्या एका कुत्रीचं पिल्लू सांगून ठेवलंय. ती कुत्री गोठ्यातच व्यायली, म्हशीच्या गव्हाणीखाली. आम्ही गेलो तेव्हा उठली, आम्हाला हुंगलं आणि परत पिल्लांवर जाऊन पडली. पिल्लं काल पंधरा दिवसांची झाली, डोळे उघडलेत. आणायला अजून दीड महिना आहे. तोवर तो गोठ्याच्या उघड्या बाजूला जाळी मारून घेणार आहे, तारेचं बंडल कालच आणलंय.