जी स्केल आणि कळण्याचं दळण

अमळनेरात आमच्या भिंतीला लागूनच पिठाची गिरणी आहे. एरवी हे सुखच, कळण्याची भाकरी कायम ताज्या पिठाची. पण माझी इलेक्ट्रिक गिटार सिंगल कॉइल पिकअपची आहे आणि ती माझ्या बोटांपेक्षा गिरणीचं जास्त ऐकते.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत बारीकसा करंट उमटतो, ॲम्प तो वाढवतो. पण त्या वेढ्यांना गिरणीची मोटर, ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतलं वायरिंग, सगळेच सारखे. मी तारेला हात लावायच्या आधीच ॲम्प 'घूंऽऽ' करून मोकळा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या जी सुराच्या (49 हर्ट्झ) किंचित वर. म्हणून मी गाणी शक्यतो जी स्केलमध्येच बसवतो. आधारस्वर फुकटात मिळतो, जरा चढा लागतो इतकंच.

वीज गेली की घूं बंद होते. ॲम्पही.

गिटार धरून जागेवर गोल फिरलं तर घूं कमीजास्त होते. कॉइल कोणत्या कोनात आहे त्यावर ती किती पकडते ते ठरतं. आमच्या खोलीत सगळ्यात शांत दिशा म्हणजे गोदरेजच्या कपाटाचं दार. तेव्हा मे महिन्यात, 44 अंशांत, कूलर बंद करून (त्यालाही मोटर असते!) मी कपाटाला ब्लूज ऐकवतो. आई एकदा शेजारणीला हळूच म्हणाली, "वास्तुवाल्यानं सांगितलं असेल."

गिरणीवाल्या मावशींकडे विषय काढून पाहिला. त्या पीठ झटकत म्हणाल्या, "मन्ही गिरनी चांगली शे भाऊ. तुन्हं डबडं कोनले तरी दखाड."

खरा उतारा हंबकर नावाचा पिकअप. 1955 साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यात दोन कॉइल असतात. वेढे एकमेकींच्या उलट, चुंबकही उलटे. अगदी जावाजावांसारख्या: बाहेरच्या कुठल्याही गोष्टीवर एक हो म्हणाली की दुसरी नाही, पण सासूचा विषय निघाला की दोघी एका सुरात. घूं बाहेरची, म्हणून ती कटते. तार घरची, तिचा आवाज दुप्पट जोरात येतो. फक्त वरचा चुरचुरीतपणा जातो, आणि मला हवा असतो तोच. त्यामुळे हंबकर नको.

राहिला ॲम्प. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) चढवला की सिग्नल त्याला झेपत नाही, लाटांचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून नवे वरचे सूर फुटतात. रॉकवाले यासाठी हजारो रुपये मोजतात. त्यातला कर्कशपणा गिटारचा स्पीकर गाळतो, कारण साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं बाहेर सोडतच नाही.

मावशींचा सल्ला वडिलांनी मनावर घेतला आणि ॲम्प परस्पर मांडववाल्या साउंडवाल्याकडे पोचवला. त्यानं तो आपल्या ट्वीटरवाल्या, म्हणजे वरचे सूरही सोडणाऱ्या, बॉक्सला जोडला. गल्लीतली कुत्री उठली. "काका, आवाज फाटतोय," त्यानं निदान केलं. संध्याकाळी ॲम्प परत आला. गेनचं बटण दोनवर आणून फेविक्विकनं चिकटवलेलं होतं, पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून.

फेविक्विकचे पैसे वेगळे लावले होते.