‘एसीत बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. द्वेषाचे मीम ओळखणाऱ्या एआयवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “यंत्र इंग्रजीवर शिकलेलं, मराठी टोमणा त्याला काय कळणार? द्वेष कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार? एसीत बसून लिहिणाऱ्यांना गावच्या ग्रुपवर काय चालतं ते माहीत नसतं.”

आधी माझी चूक. फेसबुकच्या 2020 च्या, यंत्राने द्वेषाचे मीम ओळखायच्या स्पर्धेसाठी मोजलेली माणसांची अचूकता मी ‘नव्वदच्या आसपास’ लिहिली होती, ती 84.7 टक्के आहे. दुरुस्त केलंय.

पण ‘एसीत बसून’? मी साताऱ्यात गुरुवार पेठेत वाढलो, आजही तिथेच राहतो. सप्टेंबर 2023 मध्ये एका पोस्टवरून आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली, एकाचा जीव गेला, जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. ते सुरू झाल्यावर आमच्या पेठेच्या ग्रुपवर काय आलं, सांगतो. शेजारच्या बांगडीवाल्या चाचांच्या दुकानाचा फोटो. शटर अर्धं ओढलेलं, पायरीवर त्यांच्या चपला. खाली ओळ: ‘गौरीच्या बांगड्या यंदा आपल्याच माणसाकडे.’ हीच ओळ कासारांच्या दुकानाच्या फोटोखाली टाकली असती तर ती जाहिरात झाली असती. चाचांच्या चपलांखाली आली आणि बहिष्कार झाला. त्यात एकही शिवी नव्हती.

माझी आई चाळीस वर्षं त्यांच्याकडेच बांगड्या भरते. त्या गौरीला दुकान उघडलंच नाही. मी ग्रुपवर बोललो, तर मलाच काढलं. तेव्हा तुम्ही तुमच्या ग्रुपवर काय बोललात? हे विचारायचा हक्क मला आहे.

त्या स्पर्धेतल्या दहा हजारांहून जास्त मीम्सपैकी बरीचशी याच धाटणीची आहेत. फोटो बदलला की त्याच ओळीचा अर्थ फिरतो. नुसती अक्षरं वाचणारं यंत्र फसावं म्हणूनच ती तशी बनवली. सुरुवातीच्या चाचणीत सगळ्यांत चांगलं यंत्रही 65 टक्क्यांपर्यंत पोचलं नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

मराठीचं म्हणाल तर मराठी मीम्स जमवून शिकवावं लागेल, एवढंच. ‘कोण ठरवणार’ हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्यावर पुन्हा कधी.

पुढच्या वेळी नाव लिहून बोला. साताऱ्यात असाल तर दुकानावर या. चाचा दहाला उघडतात. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, त्यांच्यासमोर दाखवतो.